आमो, आमास, आमात : शरणपूर रोडवरच्या एका शनिवार-वर्गाचे प्रकरण

२०२३ च्या दिवाळीनंतरचा पहिला शनिवार. नाशिकला शरणपूर रोडच्या आतल्या बाजूला, एका चर्चच्या सभागृहात अकरा मुले सतरंजीवर मांडी घालून एका सुरात म्हणत होती : आमो, आमास, आमात, आमामुस, आमातिस, आमांत. लॅटिन क्रियापद चालवणे सुरू होते. उच्चार स्पष्ट, ताल पक्का, एकही मूल अडखळत नव्हते. मी तीस वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेली. ‘एकदा येऊन बघा’ एवढ्याच निरोपावर गेले होते. म्हणून झाल्यावर मी विचारले, ‘आमो म्हणजे काय रे?’

अकरांपैकी एकीने हात वर केला. सातवीतली मुलगी. ‘मी प्रेम करते, बाई.’

‘कोणावर?’

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची चूक काहीच नव्हती. क्रियापद सकर्मक, पण कोष्टकात कर्माला जागाच नसते. सहा महिने हे पाठ होत होते आणि हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. घरी परतताना मला वाटले की या वर्गाची सगळी अडचण या एका शब्दात आहे. पुढची अडीच वर्षे मी तिथे जाते आहे आणि अजून तसेच वाटते.

अभिजात ख्रिस्ती शिक्षण म्हणजे काय आणि ते कशासाठी, हे या वर्गाने ज्या रीतीने धडपडत शोधले त्याची ही हकिगत आहे. माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

वर्ग कसा सुरू झाला

त्या सातवीतल्या मुलीचे वडील सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात, आई रुग्णालयात परिचारिका. २०२२ च्या जूनमध्ये त्यांनी हा वर्ग सुरू केला, तेव्हा मुलगी सहावीत होती. गुण उत्तम. पण एका रविवारी उपासनेहून परतताना वडिलांनी तिला विचारले, आज पाळकसाहेब काय म्हणाले? तिला सांगता आले नाही. मग इतिहासाच्या धड्याबद्दल विचारले. प्रश्नाखालची उत्तरे तिने धडाधड म्हणून दाखवली, पण तो धडा कशाबद्दल आहे हे तिला दोन वाक्यांत सांगता येईना. वडील मला म्हणाले होते, ‘बाई, आमच्याकडे एखादा भाग मापात बसला तरी तो कुठल्या यंत्रात जाणार हे माहीत नसेल तर तपासणीला अर्थ नसतो. माझ्या मुलीचे सगळे भाग मापात होते.’

दुसरी खंत आईची होती. सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी चर्च. दोन्हीकडचे लोक चांगले, पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. देवाने जग निर्माण केले असे रविवारी ऐकायचे आणि त्या जगाचा अभ्यास करताना सोमवारी त्याची आठवणही नाही. शाळेने धर्म शिकवावा असे तिचे म्हणणे नव्हते. मुलीच्या डोक्यात दोन वेगळे कप्पे होऊ नयेत, एवढेच.

या शोधात त्यांना अमेरिकेतल्या अभिजात ख्रिस्ती शाळांची माहिती मिळाली. एक तयार अभ्यासक्रम मागवला, मंडळीतली आणखी सहा कुटुंबे जोडली आणि शनिवारी दुपारी तीन तासांचा वर्ग सुरू झाला.

मूळ कल्पना

ही कल्पना थोडी उलगडून सांगायला हवी, कारण अभिजात म्हटले की आपल्याकडे लगेच जुने, मोठे, पूजनीय असे काहीतरी डोळ्यांपुढे येते.

रोमन जगात आणि पुढे मध्ययुगीन युरोपात शिक्षणाच्या सात कला मानल्या जात. पहिल्या तीन शब्दांच्या : व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. पुढच्या चार संख्येच्या : अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. आज संगीत या यादीत पाहून नवल वाटते, पण तिथे ते काळात वाहणाऱ्या संख्येचे शास्त्र आहे, जशी भूमिती ही अवकाशातल्या संख्येचे. आधी भाषा नीट वाचता यावी, मग तिच्यातला युक्तिवाद पारखता यावा, मग स्वतःचे म्हणणे दुसऱ्याला पटेल असे मांडता यावे. विषय कोणताही असो, ही तीन हत्यारे हातात असली की माणूस तो आपला आपण शिकू शकतो.

संस्कृत शिकवणारीला हे परके वाटणे शक्यच नव्हते. आपल्या परंपरेत मोठ्या पंडिताला पदवाक्यप्रमाणज्ञ म्हणत. पदाचे शास्त्र व्याकरण, वाक्याचे मीमांसा, प्रमाणाचे न्याय. दोन्ही त्रयी तंतोतंत सारख्या नाहीत. मीमांसा म्हणजे वक्तृत्व नव्हे. पण आधी शब्द, मग अर्थ लावण्याची रीत, मग खऱ्याखोट्याची पारख, ही वाट नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या पाठशाळांनाही ठाऊक होती. नारायण वामन टिळक नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे शिकले ते याच वाटेने. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या लेखणीतून जे अभंग आणि भजने उतरली त्यांत ही जुनी तालीम स्पष्ट दिसते.

मग ख्रिस्ती या विशेषणाने नेमके काय बदलते? नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात प्रेषित पौल अथेन्सच्या अरियपग या टेकडीवर उभा राहून बोलतो आणि बोलता बोलता एका ग्रीक कवीची ओळ म्हणतो : आपण त्याचा वंश आहोत. ती ओळ अराटस या कवीची. अराटस किलिकिया प्रांतातला आणि पौलाचे गाव तार्सही त्याच प्रांतात. अराटसच्या काव्यात ती झ्यूस देवाबद्दल आहे. पौलाने ती टाकून दिली नाही आणि आहे तशी स्वीकारलीही नाही. तिच्यातले सत्य ज्याचे आहे त्याच्याकडे तिला वळवले. चौथ्या-पाचव्या शतकात ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्माचार्याने यासाठी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकातला दाखला दिला. इस्राएल लोक मिसरातून निघताना मिसऱ्यांचे सोने बरोबर घेऊन निघाले, तसे परक्यांच्या विद्येतले सोने ख्रिस्ती माणसाने घ्यावे आणि देवाच्या कामी लावावे. त्याच्या दोनशे वर्षे आधी टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने उलट विचारले होते : अथेन्सचा यरुशलेमेशी काय संबंध? हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि आमच्या सभागृहातही झाला.

ऑगस्टीन धर्मगुरू होण्याआधी मिलानमध्ये वक्तृत्वाचा शिक्षक होता, म्हणून तो मला जवळचा वाटतो. बोलण्याचे कसब विकणे त्याने केले होते आणि सोडले होते. सद्गुणाची त्याने केलेली व्याख्या फार छोटी आहे : प्रेमाचा योग्य क्रम. कशावर किती प्रेम करायचे आणि कशाआधी काय, हे जमणे. एवढे लक्षात घेतले की मग आमो कोणावर, हा प्रश्न वर्गात मधेच कुठून तरी आलेला राहत नाही.

राहिला आजचा प्रवाह. १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या लेखिका डोरोथी सेयर्स यांनी ऑक्सफर्डला एक व्याख्यान दिले. मुलांना आपण विषय शिकवतो पण शिकायचे कसे ते शिकवत नाही, अशी त्यांची तक्रार होती, आणि उपाय म्हणून त्यांनी व्याकरण, तर्क, वक्तृत्व या तीन कला मुलांच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी जोडल्या. लहानपणी पाठांतराची हौस, मग वाद घालण्याची, मग स्वतःला व्यक्त करण्याची. ही जोडणी सेयर्स यांची आहे. मध्ययुगात कोणी तिला टप्पे म्हणत नव्हते. १९८० नंतर अमेरिकेत ज्या शाळा निघाल्या त्यांनी मात्र हे टप्पे फार घट्ट धरले. आमच्या वर्गातही तेच झाले होते.

दोन चुका

पहिली चूक अभ्यासक्रमाची म्हणण्यापेक्षा तो जसाच्या तसा उचलण्याची. कालपट भिंतीवर लावला होता. त्यात पहिली कित्येक शतके मेसोपोटेमिया, मिसर, ग्रीस, रोम. भारत उगवतो तो वास्को द गामाच्या जहाजाबरोबर. मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइटाने रचलेले. ते त्या पटावर नव्हते. कविता होत्या बर्फाच्या आणि ओक वृक्षाच्या. मुलांनी त्या पाठ केल्या होत्या आणि छान म्हणत होती.

दुसरी चूक माझी. मी आल्यावर लॅटिनच्या जोडीला मराठी व्याकरण घेतले आणि चार महिने नुसते घोकून घेतले. समास, प्रयोग, वृत्तांची लक्षणे. लहान वयात पाठांतर, अर्थ मागाहून, असे मीही म्हणू लागले. एका मुलाला, तो पाचवीत होता, प्रत्येक गोष्टीत का विचारायची सवय. मी त्याला तीन-चारदा सांगितले, आधी पाठ कर, का ते पुढच्या वर्षी. जानेवारीत तो यायचा बंद झाला. मी त्याच्या घरी गेले. तो माझ्याशी नीट बोलला, पाणी आणून दिले, पण परत आला नाही. आजही तो रस्त्यात भेटतो, नमस्कार करतो. टप्पे ही सोय आहे, मूल त्या टप्प्यांत जन्मत नाही, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनंतर एका दहा वर्षांच्या मुलाकडून कळले.

आजींचा आक्षेप

२०२४ च्या उन्हाळ्यात पालकांची बैठक झाली. लॅटिन बंद करायचे हे ठरले होते. मी सुचवले की तिच्या जागी संस्कृत घेऊ. कारणे माझ्याजवळ तयार होती : इथली अभिजात भाषा, मराठीची शब्दसंपत्ती, शाळेतही उपयोग. पंडिता रमाबाईंचे उदाहरण दिले. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकांचा विरोध पत्करून आधी पत्नीला आणि मग मुलीला संस्कृत शिकवले. त्या मुलीने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणले. यापेक्षा चांगले उदाहरण कुठले?

मागे भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या, आता मुलाकडे नाशिकला असतात. त्या म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही शिकवाल चांगलंच. पण माझ्या सासऱ्याच्या बापाच्या कानावर ती भाषा पडली असती तर मारलं असतं त्याला. ज्या घरात आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्या घरची भांडी आता आम्ही कौतुकानं घासायची का?’

सभागृहात कोणी काही बोलले नाही. माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि ओढूनताणून द्यावे असेही वाटले नाही. रमाबाईंचे वडील शास्त्री होते. दार आतून उघडले गेले होते. आजींचे घराणे बाहेर उभे होते. शहरही नाशिक, जिथे काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. आणि ज्याच्या जिल्ह्यातल्या येवल्याला १९३५ मध्ये बाबासाहेबांनी आपली धर्मांतराची घोषणा केली. इथे अभिजात हा शब्द उच्चारताना तो कोणाचा, हे आधी विचारावेच लागते.

त्या रात्री मी पुन्हा मुळाशी गेले. सात कलांना लॅटिनमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ स्वतंत्र माणसाला शोभणाऱ्या कला असा होतो. गुलामाला शोभणाऱ्या नव्हेत. ग्रीक आणि रोमन घरात मुलाला बोट धरून शाळेत पोचवणारा एक गुलाम असे. गलतीकरांस पत्रात पौलाने नियमशास्त्राला तोच शब्द लावला आहे, आपल्या मराठी शास्त्रात तो बालरक्षक असा येतो. म्हणजे दार तिथेही होते. बालरक्षक मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणी, पण शिकण्याचा हक्क मुलाचा. आणि त्याच पत्रात, चार ओळी पुढे, दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही असे तोच पौल लिहितो. अभिजात ही जर स्वतंत्रांची विद्या असेल आणि ख्रिस्ती म्हणजे सगळ्यांना स्वतंत्र म्हणणे असेल, तर ही दोन विशेषणे नुसती शेजारी बसत नाहीत. दुसरे पहिल्याला त्याचे दार उघडायला लावते. मला वाटते या शिक्षणाचा अर्थ इथेच आहे. ज्या मंडळींना वाटते की अभिजात ख्रिस्ती शिक्षण म्हणजे चांगल्या घरच्या मुलांना जुनी चांगली पुस्तके, त्यांनी हे पत्र पुरते वाचलेले नाही.

पुढच्या बैठकीत मी संस्कृतचा प्रस्ताव मागे घेतला. आजींनी तो आग्रह धरला नव्हता. त्या म्हणाल्या, ज्याला शिकायची आहे त्याने शिकावी की. आम्ही ठरवले ते असे : पाया मराठीचा. मुख्य संहिता पवित्र शास्त्र, चोखामेळा, तुकाराम, टिळकांचे अभंग आणि लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र. ग्रीक लिपी मोठ्या मुलांना, नव्या करारातले दहा-वीस शब्द मुळातून वाचता येण्यापुरती. संस्कृत ज्यांना शाळेत आहे त्यांना वेगळी मदत. पाळकसाहेबांना तुकारामाबद्दल शंका होती, तीच टर्टुलियनची. मी त्यांना पौलाचा अराटस दाखवला आणि टिळकांची आठवण दिली : आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. पाळकसाहेब म्हणाले, पूल आहे हे मुलांना सांगा, म्हणजे ती पुलावर घर बांधणार नाहीत. ही अट मला रास्त वाटली आणि आम्ही ती पाळतो.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मुलांनी शनिवारी आल्या आल्या विचारले, बाई, आता आपण अभिजात झालो का?

उसाचा अभंग

एक पाठ सविस्तर सांगते, कारण पद्धत त्यातच कळते. चोखोबांचा अभंग. ऊस डोंगा असतो, रस डोंगा नसतो. कमान वाकडी, तीर वाकडा नाही. नदी वाकडी, पाणी वाकडे नाही. तसा चोखा वाकडा, पण त्याचा भाव वाकडा नाही. वरल्या रंगाला काय भुललास?

पहिल्या शनिवारी फक्त व्याकरण. डोंगा हा शब्द कुठला, परी म्हणजे काय, भुललासी हे कोणत्या पुरुषाचे रूप, म्हणजे चोखोबा कोणाशी बोलतात? ‘तू’शी. तो तू कोण? सगळ्यांना अभंग पाठ झाला, पण पाठ होता होता झाला.

दुसऱ्या शनिवारी तर्क. हे दाखले एकाच जातीचे आहेत का? आठवीतला एक मुलगा म्हणाला, नाहीत. रस उसाच्या आत असतो. तीर कमानीच्या आत नसतो, कमान त्याला सोडते. पाणी नदीच्या आत असते असे म्हणावे तर पाण्याशिवाय नदी उरतच नाही. मी फळ्यावर तीन रकाने काढले. आता चोखोबांचा भाव कोणत्या रकान्यात? वर्गात जो वाद झाला तो तीन तास संपले तरी मिटला नाही. काहींचे म्हणणे, भाव आत आहे, उसासारखा. ती मुलगी म्हणाली, नाही, तीरासारखा. तो विठ्ठलाकडे सुटला आहे, वाकडेपणा मागे राहिला. सर्वांत लहान मुलाने विचारले, ‘पण चोखोबा वाकडे आहेत असं कोण म्हणालं?’

तो प्रश्न तिसऱ्या शनिवारपर्यंत पुरला. युक्तिवादात कधी कधी समोरच्याचे विधान क्षणभर धरून चालायचे असते, तुझेच खरे मानू, तरीही तू हरतोस, हे मुलांना इथे समजले. पंढरपूरच्या मंदिरात ज्याला जाऊ दिले नाही त्याने केलेला हा युक्तिवाद आहे. आजी त्या दिवशी मागे बसून होत्या. त्यांनी काही म्हटले नाही, पण पुढच्या शनिवारी त्या पुन्हा आल्या.

संख्येच्या चार कलांचे आमच्याकडून फार झाले नाही हे कबूल करायला हवे. टिळकांची भजने तालावर म्हणताना मात्रा मोजणे, दोरी आणि खुंटीने अंगणात काटकोन काढणे, हिवाळ्यात गच्चीवरून मृग नक्षत्र, एवढेच. शिकवणारे माणूस मिळाले नाही.

जेकब

वक्तृत्वाचा टप्पा आला तेव्हा प्रत्येक मोठ्या मुलाने एक भाषण तयार करायचे ठरले. विषय आपल्या परिसरातला. त्या मुलीने, ती आता आठवीत, जेकब वेनराइट घेतला.

शरणपूर हे नाव रोज तोंडात असते, पण ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वसवली आणि तिच्या शाळेत आफ्रिकेतली मुले शिकली, हे नाशिककरांना फारसे ठाऊक नाही. ब्रिटिश आरमाराने गुलामांची वाहतूक करणारी गलबते पकडून जी माणसे सोडवली, त्यांतली काही मुले मुंबईमार्गे इथे आली. लिहिणे-वाचणे आणि सुतारकी, लोहारकीसारखे धंदे शिकली. जेकब त्यांपैकी एक, याओ समाजातला. १८७३ मध्ये आजच्या झांबियात मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा तो त्यांच्या तुकडीत होता. त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले, जेकबने अंत्यविधीची उपासना वाचली आणि झाडावर मजकूर कोरला. बाकीच्यांसह त्याने देह कित्येक महिने वाहून किनाऱ्याला आणला. एप्रिल १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत तो शवपेटीबरोबर होता.

मुलीचा पहिला मसुदा गौरवाचा होता. नाशिकच्या शाळेने एका गुलामाला थोर बनवले. मी तो परत दिला आणि एकच वाक्य लिहिले : जेकब हे त्याचे नाव कोणी ठेवले? दुसरा मसुदा पूर्ण उलटा आला. मिशनने त्याचे नाव घेतले, भाषा घेतली, हातात करवत दिली. तोही मी परत दिला. यात तो स्वतः कुठे आहे, असे विचारले. ती रागावली. दोन शनिवार आली नाही. वडिलांचा फोन आला, घटक चाचणी जवळ आली आहे, हे एवढे ताणायला हवे का? त्यांची काळजी खोटी नव्हती. कॉलेज रोडवरच्या क्लासला तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली जात होत्या.

तिसरा मसुदा तिने कोणाला न दाखवता थेट वाचला, २०२५ च्या फेब्रुवारीत, पालकांसमोर. तिची मांडणी मी माझ्या शब्दांत सांगते. झाडावर अक्षरे कोरताना जेकबजवळ दोन गोष्टी होत्या, सुरी चालवणारा हात आणि अक्षर. दोन्ही तो इथून घेऊन गेला. ज्यांनी दिल्या त्यांनी त्याचे नावही बदलले होते. पण त्या झाडाखाली काय वाचायचे आणि काय लिहायचे, हे त्याला सांगायला तिथे कोणी उरले नव्हते. त्या क्षणी तो शाळेचा मुलगा नव्हता. पुढे तिने विचारले की आम्हाला इथे जे शिकवता ते आम्ही तुमच्या मागे कोणत्या झाडावर लिहू, हे तुम्हाला माहीत नाही, तरी शिकवणार का? हे तिने वडिलांकडे बघून विचारले.

तिच्या दुसऱ्या मुद्द्याला आधार कच्चा होता आणि तिने लिव्हिंग्स्टनच्या बाकी साथीदारांना जवळजवळ वगळले होते. ते मी तिला नंतर सांगितले. पण ती सहावीत असताना जी अडचण वडिलांना दिसली होती, ऐकलेल्याचा अर्थ सांगता न येणे, तिच्यातून ती पार झाली होती. आईने मला वेगळे सांगितले. मुलगी हल्ली घरी उपासनेतल्या संदेशावर वाद घालते. आईला ते आवडते की नाही हे तिचे तिलाच ठरवता येत नव्हते. मला वाटते इफिसकरांस पत्रात मुलांना प्रभूच्या शिस्तीत वाढवा म्हटले आहे तेव्हा बापांना त्याच वाक्यात मुलांना चिडवू नका असेही म्हटले आहे, ते यासाठीच.

आजची स्थिती

अकरांतली चार मुले गेली : तो पाचवीतला मुलगा, बदलीमुळे दोघे भाऊ, आणि एक मुलगी क्लासच्या वेळेमुळे. पाच नवी आली. गुणांवर काय परिणाम झाला हे मी मोजलेले नाही. मराठीत बहुतेकांना फायदा झाला, गणितात काही फरक दिसला नाही. ती मुलगी येत्या जूनमध्ये दहावीत जाईल. वर्षभर महिन्यातून एकच शनिवार यायचे, असे वडिलांनी ठरवले आहे. तिने त्यांच्याशी वाद घातला, नीट मुद्दे मांडले आणि हरली. वडील म्हणाले, वाद तू जिंकलीस, पण निर्णय माझा. ती त्यांच्यावर नाराज आहे आणि मी या बाबतीत कोणाच्याच बाजूने बोललेले नाही.

लहानांचा गट आता आजी घेतात. त्यांना लिहिता येत नाही, वाचायला अडखळतात. पण तेविसावे स्तोत्र, डोंगरावरचे प्रवचन आणि जात्यावरच्या कितीतरी ओव्या त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांतल्या काही त्यांच्या सासूने बाप्तिस्म्यानंतर येशूवर रचलेल्या. त्यांचे पाठांतर ऐकले की मी चार महिने मुलांकडून करून घेतलेले पाठांतर काय होते हे मला नीट कळते. दोन्हींत शब्द तेवढेच होते. आजींचे शब्द कोणाला तरी उद्देशून असतात.

मागच्या शनिवारी त्या एक ओवी सांगत होत्या आणि दोन मुली वहीत उतरवून घेत होत्या. एकीने विचारले, ‘आजी, हे “सपान” की “स्वप्न”?’

‘सपान,’ आजी म्हणाल्या.

‘पण बाईंनी व्याकरणात—’

‘माझ्या सासूला सपान पडलं होतं. तेच लिही.’

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने सपान लिहिले, खाली एक रेघ ओढली आणि समासात बारीक अक्षरात स्वप्न असे लिहून पुढची ओळ ऐकायला वर पाहिले.